कडीला हात

कुत्रं मी हौसेनं पाळलेलं नाही, हे आधीच सांगते. मला घरात केस चालत नाहीत. मी शाळेच्या गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरी शिवते. गठ्ठ्यानं येतात, गठ्ठ्यानं जातात, आणि त्यात एक काळा केस निघाला की दुकानदार माझ्याकडे असं बघतो, जणू मीच तो मुद्दाम शिवून ठेवलाय. कुत्रं आणलं अण्णांनी, माझ्या वडिलांनी. चार वर्षांपूर्वी कोणाचं तरी कुलूप उघडायला म्हणून गेले आणि पिल्लू काखेत मारून परत आले. काम शून्य, जेवण वेळेवर आणि दिवसभर दारात लोळण, म्हणून मी त्याला साहेब म्हणायला लागले.

अण्णा कुलूपवाले. किल्ल्या बनवायच्या, अडलेली कुलपं उघडायची, पंचेचाळीस वर्षं हेच केलं. आई गेली, दुकान बंद झालं, आणि मग अण्णा गोष्टी विसरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव घेतलं. मी म्हटलं, मला कळेल असं सांगा. ते म्हणाले, "हळूहळू विसरत जातील. एकट्यांना बाहेर सोडू नका."

मी मान डोलावली आणि घरी येऊन मशीनवर बसले. मोटार सुरू असली की मला बाजूला ढोल वाजले तरी ऐकू येत नाही. दोनच आठवड्यांनी अण्णा किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघून गेले. तीन गल्ल्या पलीकडचं एक घर त्यांना आपलं दुकान वाटलं, आणि ते निवांत उभे राहून कुलपात एकेक किल्ली घालून बघायला लागले. लोकांनी चोर म्हणून धरलं. मी पोचले तेव्हा शर्टाची बाही लोंबत होती आणि गालावर पाच बोटं उठली होती. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. आज गिऱ्हाईक फार आहे."

त्या लोकांना मी असं फैलावर घेतलं की मारणारा घरात जाऊन बसला. पण घरी आल्यावर मनात आलं, आज थप्पड मारली, उद्या कोणी काठी उचलली तर?

दुसऱ्या दिवशी मी दाराला आतून कुलूप घातलं. दुपारी बघते तर कुलूप टेबलावर, शेजारी माझ्या केसातली पिन, आणि कुलपाला तेलपाणी केलेलं. वर मलाच सुनावलं, "इतकं गंजलेलं कुलूप ठेवतात का घरात?" हसावं की रडावं कळेना. जगातल्या कुठल्याच कुलपानं हा माणूस घरात राहणार नव्हता.

प्राण्यांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहे, साहेबांना इंजेक्शन देतो तो. त्याला सहज हे सांगितलं, तर तो म्हणाला, "कुत्रं घरात असताना काळजी कसली? त्यांनी कडीला हात लावला की याला भुंकायला शिकवा. भुंकला की लगेच बिस्किटाचा तुकडा. पण रोज करा, आणि एकाच पद्धतीनं करा."

माझा हात कडीला लागून उपयोग नव्हता. हात अण्णांचाच हवा. म्हणून रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मी अण्णांना दारापाशी उभं करायची. "अण्णा, कडीला हात लावा." ते लावायचे. मी साहेबांना चिथवायची, ते भुंकायचे, की तुकडा. "अण्णा, मागे या. आता पुन्हा लावा." वीस वेळा, तीस वेळा. अण्णांनी एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी. मी सांगेन तसं करत राहिले. एकदा फक्त म्हणाले, "हुशार आहे हं कुत्रं. शिकतंय." मी म्हटलं, "मग! तुमच्यावर गेलंय."

लाज वाटते आता ते आठवलं की.

तीन आठवड्यांत साहेब तयार झाले. मशीनची मोटार फिरत असली तरी त्यांचं भुंकणं थेट कानात शिरायचं. दोनदा अण्णा निघाले आणि दोन्ही वेळा मी दारातच गाठलं. मी अगदी निर्धास्त झाले. समोरच्या वहिनींना, दुकानदाराला, ज्याला त्याला कौतुक सांगत सुटले. कित्येक महिन्यांनी रात्रीची सलग झोप लागली मला, हेही खरंच आहे.

पुढे पुढे साहेब कडीला हात लागायची वाटच बघेनात. अण्णा दाराच्या दिशेनं वळले की भुंकायचे. मग खुर्चीतून उठले की भुंकायला लागले. मला वाटलं, साहेब जास्तीचं काम करतायत. मशीनवरून न उठताच मी बिस्किटाचा तुकडा भिरकावायची आणि पुन्हा कॉलरीत मान घालायची. अण्णा खिडकीशी जायचे बंद झाले. पेपर आणायला दारापर्यंत जायचे, तेही बंद झालं. मी म्हटलं, आजारच तो, असंच होत जाणार. आणि कॉलरी तर आता दुपटीनं होत होत्या.

मग एका सकाळी समोरच्या वहिनी धापा टाकत आल्या. कचरा टाकायला बाहेर पडल्या आणि मागे दार ओढलं गेलं. किल्ली आत, गॅसवर दूध, आणि तान्ही नात आत एकटी झोपलेली. "ताई, अण्णांना पाठवा ना जरा! दोन मिनिटांचं काम आहे त्यांचं."

मी मोटार बंद केली. "अण्णा, चला. वहिनींचं दार लागलंय, तेवढं उघडून द्या." इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जान आली. खिसे चाचपत, "तार कुठंय माझी? तार दे," म्हणत ते उठले.

साहेब भुंकले.

अण्णा होते तिथं थांबले. साहेब आणखी जोरात भुंकले, शेपटी हलवत, माझ्याकडे बघत, बिस्किटाच्या आशेनं. मी ओरडले, "गप्प! गप्प बस!" अण्णांना वाटलं, मी त्यांनाच ओरडले. ते चटकन खुर्चीत बसले आणि हात मांडीखाली घेतले. वहिनी विनवत होत्या, मी दंडाला धरून उठवत होते, पण ते जागचे हलेनात. हळू आवाजात मला म्हणाले, "नको गं. साहेब रागावतात."

शेवटी बाजूच्या सुताराला बोलावून दार फोडलं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. पण खिडकी उघडी होती, बाळ सुखरूप होतं. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी मात्र त्यांच्या फुटलेल्या दारात उभी राहून हमसाहमशी रडले. त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाळासाठीच.

कुत्र्याला शिकवायला निघाले होते मी. आणि शिकवलं कोणाला!

त्याच दिवसापासून उलटी शिकवणी सुरू केली. अण्णा उठले आणि साहेब गप्प राहिले, की तुकडा. कंपाउंडर म्हणाला होता, शिकलेलं मोडायला दुप्पट वेळ लागतो. साहेबांना नऊच दिवस लागले. कुत्र्याला काय, त्याला बिस्किटाशी मतलब. अण्णा न्हाणीत जायला उठायचे आणि साहेब जबडा मिटून माझ्याकडे बघत राहायचे.

मग मी अण्णांकडे वळले. काम बाजूला टाकलं. दुकानदाराला सांगितलं, महिनाभर कॉलरी निम्म्याच होतील, चालत नसेल तर दुसरी बघा. रोज सकाळी अण्णांचा हात धरून दारापाशी न्यायची. "अण्णा, कडीला हात लावा." ते माझ्याकडे बघायचे, साहेबांकडे बघायचे, आणि हात पाठीमागे घ्यायचे. मी त्यांची बोटं धरून कडीवर ठेवली, तर विस्तव लागल्यासारखी मागे ओढली. ज्या बोटांपुढे एक कुलूप टिकलं नाही, ती बोटं आमच्या घरच्या साध्या कडीला भ्यायला लागली होती, आणि ते माझ्या हातून झालं होतं.

"माझं चुकलं हो अण्णा," मी म्हटलं. "आता कोणी रागावणार नाही. मी येते ना बरोबर." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काय चुकलं, ते त्यांना माहीतच नव्हतं.

काल सकाळी मी दार सताड उघडलं. म्हटलं, कडीचा प्रश्नच नको. बाहेर छान ऊन पडलं होतं. मी चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या आणि दोन पावलं लांब उभी राहिले. अण्णांनी चपला घातल्या. आपले आपण उठले. एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापर्यंत गेले.

तिथं ते थांबले. बाजूला पसरलेल्या कुत्र्याकडे वाकून त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, जाऊ का?"

साहेब गप्प बसले. मीच शिकवलं होतं त्यांना. मी म्हटलं, "जा ना अण्णा, जा." दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. पण त्यांनी मला विचारलंच नव्हतं. ते साहेबांच्या तोंडाकडे बघत बराच वेळ वाकून उभे राहिले. मग "बरं" म्हणाले, चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या आणि खुर्चीत जाऊन बसले.