हात देणारा

"पुन्हा एकदा, बाबा. आता सावकाश," प्रतिक्षा म्हणाली आणि संतरामने पोतं पुन्हा जमिनीवर ठेवलं.

रविवारची सकाळ होती, मोंढा बंद होता. हिंगोलीच्या हळदीच्या मोंढ्यात बावीस वर्षं हमाली केलेला माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःच्याच अंगणात सोयाबीनच्या भुशाचं पोतं उचलून दाखवत होता, आणि त्याची पोरगी उलट्या बादलीवर बसून वहीत रेघा ओढत होती. शेजारपाजारचे भिंतीवरून बघत होते. संतराम मात्र खुशीत होता. आपलं काम पोरीच्या अभ्यासाला आलं, एवढा मान त्याला आजवर कोणी दिला नव्हता.

पोरगी ॲनिमेशन शिकत होती. २००६ साली हिंगोलीत हा शब्द धड उच्चारणारी चार माणसं सापडली नसती. पण एसटी डेपोच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, अकरा कॉम्प्युटर मांडून एका सरांनी क्लास काढला होता आणि बारावीनंतर प्रतिक्षाने हट्टाने तिथे नाव घातलं होतं. आता कोर्स संपत आला होता. पुण्याच्या एका स्टुडिओला क्लासमधून एकच जण हवा होता. ज्याचं शोरील चांगलं, त्याचं नशीब उघडणार होतं. शोरील म्हणजे आपल्याला काय काय हलवता येतं ते दाखवणारी अर्ध्या मिनिटाची फिल्म. तिने आधी हळद शिजवायची कढई नाचवायचं ठरवलं, मग एसटीच्या टपावर बसून फुकट गावं फिरणारा कावळा. सरांनी दोन्हींना नाक मुरडलं. नाचवायला कोणालाही येतं, म्हणाले. माणसाने जड वस्तू उचलली आणि बघणाऱ्याला ती जड वाटली, तर तुला काही आलं.

पण भुशाच्या पोत्यावरून काढलेली चित्रं बघून ते हसलेच. "हा काय उशी उचलून राहिला का? वजन कुठंय?"

सगळा क्लास खिदळला. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं.

मग ती मोंढ्यात गेली. तिथे खरं पोतं होतं, क्विंटलभर हळदीचं, पण ते एकटा कोणीच उचलत नव्हता. संतराम वाकायचा, हरिचंद पोत्यात लोखंडी आकडा घालून समोरून हात द्यायचा, आणि पोतं पाठीवर चढायचं. बावीस वर्षांची जोडी होती ती. तिने दोन्ही माणसं वहीत काढून नेली. सर म्हणाले, दोन नकोत, बघणाऱ्याचं लक्ष फाटतं. एक माणूस, एक पोतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन आडतीच्या शेडमध्ये हजर झाली. बाकीचे हमाल जेवायला पांगले होते, हरिचंद तेवढा बापाजवळ बसला होता. तो असेपर्यंत बापाला असलं काही करू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काका, बाबांसाठी चहा आणता का?" ती म्हणाली. हरिचंद लगेच उठला.

तिने काय हवंय ते सांगितलं तेव्हा संतराम हसला. "एकट्यानं उचलत न्हाईत, बाई. हात देणारा लागतो."

"एकदाच. न्हाईतर पुण्याला दुसरंच कुणी जाईल."

बापाने डोक्याची दस्ती सोडून कमरेला आवळली. पहिल्या वेळी पोतं मांडीपर्यंत आलं, तिथून त्याने ते छातीशी घेतलं आणि खाली ठेवलं. मग शाबासकी मिळेल अशा नजरेने तिच्याकडे बघितलं. तिला गुडघे नीट दिसले नव्हते. पुन्हा एकदा, ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी पोतं मांडीशी आलं आणि तिथेच थांबलं. संतरामचा उजवा गुडघा थरथरला, मान एका बाजूला गेली, ओठ आत ओढले गेले. आवाज मात्र आला नाही. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. प्रतिक्षा मनात चित्रं मोजत होती आणि तिचा हात वहीवर चालत होता. अठराव्याला पोतं सुटलं आणि बाप त्याच्या शेजारी मटकन बसला. हरिचंद परत आला, त्याने चहा तिथेच टाकला आणि धावला. ती अजून गुडघा काढत होती.

नांदेडच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं, कधीच नाही. हमालीचा बिल्ला परत करावा लागला. प्रतिक्षाच्या आईने, शालूबाईने, सगळं खापर हरिचंदवर फोडलं. "जोडीदाराला एकटं टाकून चहाला काहून गेलास? घशाखाली कसा उतरला तुझ्या?" हरिचंद मान खाली घालून ऐकत राहिला. पोरीनं पाठवलं होतं, असं तो बोलला नाही. पोरगीही बोलली नाही. मोंढ्यात मग त्याच्या जोडीला कोणी उभं राहीना. ऐन वेळी नसणारा माणूस, असं त्याचं नाव पडलं.

शोरील सरांनी सगळ्या क्लासला बोलावून दाखवलं. पोतं सुटायच्या आत प्रतिक्षाने चित्र तोडलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून जोडलं होतं. माणूस वाकत होता, उचलत होता, थरथरत होता आणि परत वाकत होता. याला म्हणतात वजन, सर म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही. प्रतिक्षाला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे, खूप आनंद झाला. पुण्याचं पत्र तिच्याच नावाने आलं.

जायच्या आदल्या दिवशी संतराम पट्टा बांधून, कठड्याला धरत धरत गिरणीच्या माडीवर चढला. खुर्चीत बसून त्याने पडद्यावर स्वतःला बघितलं.

"पोतं खाली कवा ठिवतो हा?" त्याने विचारलं.

ठेवत नाही, ती म्हणाली, फिरून फिरून तेच येतं.

"अन् हात द्यायला कुणीच न्हाई?"

"सरांनी एकच माणूस सांगितला होता."

संतराम पडद्याकडेच बघत होता. "तुझ्या मायला सांग मंग, हरिचंदला कुणी धाडलं ते. उगंच शिव्या खाऊन राहिला. मी सांगितलं तर ती म्हणंल, जोडीदाराला झाकून राहिला."

म्हणजे चहा हे नुसतं निमित्त होतं, हेही बापाला कळलं होतं. सांगते, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत पुण्याची गाडी लागली. प्रतिक्षाची लोखंडी पेटी पुस्तकांनी भरलेली होती, आणि क्विंटलची पोती वाहिलेला बाप बाकावर बसून तिच्याकडे नुसता बघत होता. हरिचंद न बोलावता आला होता. त्याने पेटीची एक कडी धरली आणि सवयीने समोर बघितलं. संतराम उठायला गेला. शालूबाईने त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"आज त्यालाच उचलू द्या एकट्याला," ती म्हणाली.

प्रतिक्षाला आईशी एक वाक्य बोलायचं होतं. ते तिने रात्रीपासून घोकलं होतं. कंडक्टरने जागा धरायला सांगितलं आणि ती गाडीत चढून खिडकीशी बसली.

खाली हरिचंदने दोन्ही कड्या धरल्या आणि पेटी उचलली. पेटी गाडीच्या दाराशी, मांडीइतक्या उंचीवर थांबली. प्रतिक्षाने खिडकीतून त्याचा गुडघा बघितला आणि मोजायला लागली.