दोन खुणांमधलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. शाळेतली नव्हे, इंजिनातली. हातभर लांब, बोटापेक्षा बारीक, वर धरायला कडी आणि खालच्या टोकाला दोन खुणा. शहाणे लोक मला डिपस्टिक म्हणतात, मिस्त्री गेज म्हणतात. इंजिनात तेल किती आहे ते सांगणं, एवढंच माझं काम. खालच्या खुणेच्या खाली असेल तर कमी, वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्त, मधे असेल तर खुशाल गाडी काढा. मी कुणाची बाजू घेत नाही आणि कुणाची कीवही करत नाही. तेल जिथपर्यंत, तिथपर्यंत मी ओली.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो पट्ट्या एकाच दिवशी कापल्या गेल्या. मी एका डिझेल जीपच्या वाट्याला आले. तिच्या पहिल्या मालकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्याने मला वर्षातून दोनदा पाहिलं असेल. १९९३ साली ती जीप गिरडजवळच्या एका खेड्यातल्या चंद्रभानने घेतली. त्याने शेत भावाकडे सोपवलं, बैलजोडी विकली आणि गिरड ते समुद्रपूर सवाऱ्या न्यायला सुरुवात केली. समुद्रपूरच्या तानबा मिस्त्रीने त्याला मला कसं वाचायचं ते शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, चंद्रभान मला बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा बुडवायचा आणि उजेडात धरून पाहायचा. पाच वर्षांत त्याने एक दिवसही चुकवला नाही. आपलं कुणीतरी ऐकतं, हे सुख मला तेव्हा कळलं.

तेल यायचं ते समुद्रपूरच्या हेमराजजींच्या दुकानातून. हा माणूस मोठा चिकित्सक. गिऱ्हाईक आलं की डबा काढण्याआधी गाडी कोणती, डिझेल की पेट्रोल, किती चालली, कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय, सगळं विचारायचा. एखादा म्हणे, "द्या ना कोणतंबी." त्यावर हेमराजजी म्हणत, "सोयरीक कोणाशीबी करता का? मंग तेल काऊन कोणतंबी?" चंद्रभानच्या जीपला त्यांनी वीस-चाळीस आकड्याचं तेल ठरवून दिलं होतं. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून घालायचं कूलंट फक्त थंड मुलखात लागतं, असा तेव्हा बहुतेकांचा समज. हेमराजजी हसायचे. "आपल्या इकडं मे महिन्यात पाखरं झाडाखाली पडतेत. इथं नाई लागन, त कुठी लागन?" बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणाऱ्यांना ते हंड्याच्या बुडाशी धरणारा पांढरा खार दाखवायचे. असं एकेक माणूस समजावत त्यांनी वीस वर्षांत नाव कमावलं होतं.

आता १९९८ च्या पोळ्याचं सांगते. आदल्या दिवशी गावात घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावणं चाललं होतं. चंद्रभानचा गोठा रिकामा होता. तो दोनदा गोठ्यात गेला, दोनदा परत आला. मग त्याने जीप धुतली, बॉनेटवर तूप-हळद चोळली आणि बैलाच्या कानात सांगतात तसं चाकाजवळ वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, त्याने खरंच जेवू घातलं. इंजिनात तेल पुरेसं होतं, मी सकाळीच तसं सांगितलं होतं. तरी त्याने नव्या डब्यातलं दीड लिटर ओतलं. वर गिअरसाठी आणलेलं जाड तेल होतं, तेही लोटाभर ओतलं. दाट म्हणजे ताकदीचं, पोळीवर तूप असतं तसं, असा त्याचा हिशेब. त्याची बायको नलू ताट घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अवो, पट्टी त पाहा."

"पावण्याच्या ताटातलं मोजते का कोणी? आज मोजाचं नाई," चंद्रभान म्हणाला.

मी आत गळ्यापर्यंत बुडाले होते. एवढं खरं मी कधीच अंगावर घेतलं नव्हतं, आणि नेमकं त्याच वेळी मला बाहेर काढणारं कुणी नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काल पोटभर घातलंय म्हणून, तो मला न पाहताच निघाला. गिरडच्या टेकडीच्या चढावर, भरल्या सवाऱ्यांनिशी, इंजिन कोंडलं. जास्तीच्या तेलात फिरणाऱ्या दांड्याने त्याचा नुसता फेस केला होता, आणि फेसाने लोखंडाला वंगण मिळत नाही. पांढरा धूर निघाला, आतून ठोके आले आणि सगळं जाम झालं. सवाऱ्या खाली उतरल्या. चंद्रभान बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

मग त्याला राग आला. त्याने मला उपसलं आणि तसाच दुसऱ्या गाडीत बसून समुद्रपूर गाठलं. बाजाराचा दिवस होता, दुकानासमोर माणसांची गर्दी. चंद्रभानने मला सगळ्यांसमोर वर धरलं.

"पाहा रे, पाहा! पाच दिवस नाई झाले नेऊन, अन् हे असं काळंकुट्ट! भेसळीचं तेल इकून राह्यला हा माणूस! माया जीपचा जीव घेतला!"

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. रंग पाहिला, फेस पाहिला. डिझेलच्या इंजिनात चांगलं तेलही लवकर काळं होतं, हे कुणाच्या ध्यानी आलं नाही. तेल कुठवर चढलंय ते तर कुणीच पाहिलं नाही. ते वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं. मी त्याच्याच हातात त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते आणि तो मलाच पुरावा म्हणून नाचवत होता.

एकट्या हेमराजजींनी माझ्या खुणांकडे पाहिलं. मग चंद्रभानच्या तोंडाकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, पाणी घ्या जरासं."

चंद्रभान पाणी न घेता निघून गेला. पुढचा आठवडाभर हेमराजजींच्या दुकानात माशी फिरकली नाही. वीस वर्षांचं नाव एका बाजारात धुळीला मिळालं.

इकडे तानबाने इंजिन उघडलं. खालचं नट काढून तेल घमेल्यात सोडलं, मापाने मोजलं आणि विचारलं, "चंद्रभान, सहा लिटरच्या इंजिनात आठ लिटर कोनं भरलं बे?"

सोबत आलेली नलूच बोलली. "यायनंच. जेवाले घातलं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "जीप त दुरुस्त होईन. त्या माणसाचं काय करता?"

माझ्या आयुष्यात मी कशाची वाट पाहिली असेल तर ती पुढच्या बाजाराची. चंद्रभान गेला. मला घेऊन गेला. त्याच पायरीवर, तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलायला त्याला जड गेलं, पण तो बोलला. "बावा हो, तेल चोख होतं. म्याच जास्त टाकलं. गिअरचंबी टाकलं. चूक मायी हाये, हेमराजजीची नाई."

हेमराजजींनी मला हातात घेतलं, आपल्या दुपट्ट्याने पुसलं. "मले त्याच दिवशी दिसलं होतं, भाऊ."

"मंग बोलले काऊन नाई?"

"पोळ्याचा दुसरा दिवस होता. तुमी बैल इकले तेबी मले मालूम. भरल्या बाजारात तुमाले कोनत्या तोंडानं म्हनू, का तुमच्या मायेनंच गाडी मारली?"

चंद्रभान तिथेच पायरीवर बसला आणि रडला. मी धातूची आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी ते येत नसल्याचं मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

इंजिन दुरुस्त झालं आणि जीप २००७ पर्यंत चालली. काही गिऱ्हाइकं दुकानात परत आली. काही आलीच नाहीत, कारण चंद्रभानचं पहिलं बोलणं ज्यांच्या कानी गेलं, त्या सगळ्यांच्या कानी दुसरं गेलं नाही. म्हणून तो जिवंत होता तोवर दर बाजारी त्या दुकानासमोर थांबायचा आणि नवख्या माणसाला अडवून आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगायचा.

आता जीप भंगारात गेली आहे. मी नलूच्या घरी खिडकीत पडून आहे, टोकाला गंज धरला आहे. तुमच्या घरी गाडी असेल तर तिला तिचंच तेल द्या, आणि माया उतू गेली तरी मोजूनच द्या. आणि कुणाला खोटं म्हणायला बाजारात निघालात, तर आधी आपल्या हातात काय आहे ते एकदा नीट पाहा.