धप्पा देणारं भूत

कापडावर खडूची रेघ ओढता ओढता तिचा हात थांबला, कारण तिन्ही मुलं एकदमच तिच्या टेबलाखाली शिरली होती. थोरल्या मुलीच्या पायात एकच चप्पल होती. धाकट्या पिटूनं आईचा पाय घट्ट धरला. शेजारची ठकी, जी एरवी कुणाच्या बापाला भीत नाही, ती भिंतीला पाठ लावून गप्प होती.

"काय झालं?"

"भूत," थोरली म्हणाली. "पलीकडच्या खोलीत."

पलीकडच्या खोलीत तिनं एका नाट्यगृहासाठी शिवलेले पडदे टांगून ठेवले होते. छतापासून जमिनीपर्यंत, ओळीवर ओळ. लपाछपीला याहून चांगली जागा नाही म्हणून जेवणं झाल्यावर तिनंच मुलांना तिकडे पिटाळलं होतं. खडू ठेवून तीही खाली फरशीवर बसली.

"एकेकानं सांगा."

"मी पाय बघितले," पिटू म्हणाला. "पडद्याखालून. उलटे होते."

"उलटे नव्हते," थोरली म्हणाली. "सरळच होते. पण चालत एकच होता. दुसरा नुसता मागून यायचा. आणि अंगावर पांढरं काहीतरी होतं, आणि श्वास जोरात."

"राज्य माझ्यावर होतं," ठकीनं शेवटी तोंड उघडलं. "मी साठपर्यंत आले होते. पाठीवर हात पडला. मला वाटलं पिटू. पण हात मोठा होता, आणि गार. आणि ते म्हणालं, 'प्पा'."

"काय म्हणालं?"

"प्पा. धप्पा नाही. 'ध' त्याला येतच नव्हता."

"भुतांना 'ध' येत नाही," पिटूनं माहिती पुरवली.

तिला हसू आलं नाही. तिनं थोरलीला विचारलं, "मागून येणारा पाय कुठला होता?"

थोरली टेबलाखालून बाहेर आली, दोन पावलं तशीच चालून पाहिली आणि म्हणाली, "उजवा."

पडद्यांच्या खोलीपलीकडे तिचे वडील असत. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी त्यांना भिंतीच्या आधारानं पाऊल टाकायला शिकवलं, पण मग एक दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. परवा बाई जाताना दारात म्हणाल्या होत्या, "त्यांच्याच मनात नसेल तर मी येऊन काय करू?"

"इथेच थांबा," ती मुलांना म्हणाली.

वडील नेहमीसारखेच खाटेवर होते, भिंतीकडे तोंड, गळ्यापर्यंत पांढरी चादर. चादरीबाहेर आलेल्या पायांच्या तळव्यांना पडद्याचे लाल दोरे चिकटले होते. चादर खांद्यापाशी हलत होती. धाप लागली असेल म्हणून ती घाईनं वाकली. त्यांचे डोळे मिटलेले होते, फारच घट्ट, आणि तोंडाची डावी बाजू हसू आवरत होती.

ती पाय न वाजवता मागे फिरली. पडद्यांमध्ये पोहोचल्यावर थोडा वेळ तोंडावर पदर धरून उभी राहिली आणि मग मुलांकडे गेली.

"आहे," ती म्हणाली. "मी पाहिलं."

"मग आता?" थोरलीनं विचारलं.

"आता काय? धप्पा बसला ना? परत ठकीवर राज्य."

"मी नाही घेणार," ठकी म्हणाली.

"मग मी घेते."

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. आई खेळते हे भुतापेक्षा नवलाचं होतं. ती पडद्यांच्या खोलीत गेली, भिंतीवर कपाळ टेकून डोळे मिटले आणि मोजू लागली, मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. दहा. वीस. तीस. मागे मुलांचे पाय भीतभीत का होईना, पण पळाले.

सत्तरला खाट करकरली. ऐंशीला काहीतरी फरशीला घासलं, थांबलं, पुन्हा घासलं. नव्वद म्हणून झाल्यावर ती गप्प राहिली.

"काकू, शंभर म्हणा ना," पडद्यातून ठकीचा दबका आवाज आला.

"म्हणते," ती म्हणाली, आणि म्हटलं नाही.