मृणालीचा उजवा पाय

“पाय!” जाळीबाहेरून निवेदिता ओरडली. “मृणाली, पाय!”

मृणालीने हात गरगर फिरवून चेंडू सोडला आणि उजव्या पायाचा अंगठा मातीत घासत पुढे आणला, अगदी आईने शिकवल्याबरहुकूम. कॅचर रशीदाने चेंडू आरामात झेलला. यंत्रावर वेग उमटला, ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर. कोच तेजस्वीने तोंड वाकडं केलं.

आखातात बायकांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग सुरू होत होती आणि बहरीनच्या संघात पिचरची, म्हणजे चेंडू टाकणारीची, एकच जागा उरली होती. त्यासाठी अरादच्या या मैदानावर भर उन्हात चाचणी चालली होती. जागा मिळाली तर मुलीचं आयुष्य मार्गी लागेल, हे निवेदिताला पक्कं ठाऊक होतं. पण निवडणारी कोण, तर ही बया!

तेवीस वर्षांपूर्वी जळगावच्या जिल्हा संघात निवेदिता पिचर होती आणि तेजस्वी तिची कॅचर. राज्य संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी तेजस्वीने सरांचे कान भरले, की चेंडू टाकताना हिचा पाय जमिनीवरून सुटतो, म्हणजे नियमभंग. सुटत होताच. पंचांना दिसत नव्हता, समोर बसलेल्या कॅचरला दिसत होता. निवेदिता घरी बसली, तेजस्वी नाव काढून आली.

मुलीच्या बाबतीत मात्र निवेदिताने कुणाला बोट ठेवायला जागाच ठेवली नव्हती. ईसा टाउनच्या घरामागच्या पार्किंगमध्ये, मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून, रोज दोनशे चेंडू. पाय उचलला की तो चेंडू धरायचा नाही. पोर रडली तरी नाही.

तेजस्वी जाळीपाशी आली.

“घाबरून टाकतेय तुझी मुलगी.”

“घाबरून नाही, नियमात टाकतेय. तुला चुगली करायची सोय नाही उरली, हेच दुखतंय ना?”

“अजून तेच घेऊन बसलीस? अगं बाई, तो नियम गेला. पाय हवेत गेला तरी आमच्या लीगमध्ये चालतो.”

“खोटारडी! तेव्हाही होतीस, आताही आहेस.”

तेजस्वीने फाइलमधून नियमांचा कागद काढून जाळीतून बाहेर सरकवला. निवेदिताने तो दोनदा वाचला. तेजस्वी खरंच बोलत होती.

“मृणाली!” तेजस्वी वळून ओरडली. “उडी घेऊन टाक. शेवटचे दोन चेंडू!”

मृणाली आईकडे बघत क्षणभर थांबली. मग तिने झेप घेतली. दोन्ही पाय हवेत, आणि चेंडू रशीदाच्या ग्लव्हवर सणकन आदळला. नव्व्याण्णव. दुसरा, एकशे दोन.

“माशाल्ला!” रशीदा हात झटकत हसली. “ये कहाँ छुपाके रखा था?”

निवेदिता हसली नाही. अशी झेप एका दुपारात जमत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

“कुठे शिकलीस हे?” मुलगी जवळ येताच तिने विचारलं.

“स्कूलमध्ये. पीटीच्या पिरियडला. थ्री इयर्स.”

“तुला नवा नियम माहीत होता? मग आल्या आल्या का नाही टाकलास असा?”

“तू इथे उभी होतीस ना.”

“अगं, पण मला सांगायचंस तरी!”

“सांगितलं होतं, मम्मी.” मृणालीने घाम पुसला. “तू म्हणालीस, त्या तेजस्वीसारखी बोलू नकोस. मग दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस.”

निवेदिताच्या हातातला कागद चुरगळला. काही आठवेना, आणि न आठवण्याचीच तिला जास्त लाज वाटली. तेजस्वीने हे सगळं ऐकलं होतं. आता ही टोमणा मारणार, म्हणून निवेदिताने दात आवळले. पण तेजस्वी तिच्याकडे बघतही नव्हती.

“उद्यापासून पाच वाजता प्रॅक्टिस,” ती मृणालीला म्हणाली. “एकटी येशील ना?”

“येस, मॅम,” मृणाली म्हणाली. तिने आईला विचारलंसुद्धा नाही.