दुपट्ट्याआडचा चोर ओळखणारं यंत्र

एप्रिलातलं अकोला, त्यात जठारपेठ. सकाळीच ऊन चटके देत होतं, तरी आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर सगळे रांगेत. तोंडाला दुपट्टे नि रुमाल, डोळ्यांवर गॉगल. फाटकावरचा नवा कॅमेरा त्या गाठोड्यांतून एकेकाला ओळखत होता. हिरवा दिवा लागे, यंत्रातली बाई "विश्वासू" म्हणे, फाटक उघडे.

"आमच्या ह्यांनीसुद्धा मले असं वळखलं नसतं," आरतीकाकू दुपट्ट्यातून म्हणाल्या.

"चेहरा जुना झाला, काकू," यंत्र विकणारा अद्वैत म्हणाला. "आमचा भविष्यनेत्र हेतू वाचतो. पावलांची लय, खांद्यांचा कल, मनातली लहर. चोरी व्हायच्या आधी चोर धरतो."

अध्यक्ष खुशालराव वकील. जन्मभर कोर्टात पुरावा मागत आलेले. इथं नुसती मान डोलवत होते. कुणी तरी कॅमेऱ्याला हळदकुंकूही वाहिलं होतं.

मग पंचफुला आली. माझ्या वर्षभराच्या लेकीला, जुईलीला, तेल लावून न्हाऊ घालते, आणखी तीन घरची धुणीभांडी करते. रांगेत सोसायटीबाहेरची ती पहिलीच. दिवा लाल झाला.

"संभाव्य चोर. अठ्ठ्याहत्तर टक्के."

"म्या काय चोरलं वो?" तिनं विचारलं.

"अजून काही नाही," अद्वैत समजुतीनं म्हणाला. "पण कल आहे."

"बाई, उद्यापासून येऊ नका," खुशालराव म्हणाले. "चारही घरी. मशीन काय कोणाची दुश्मन हाय का?"

पंचफुलानं दुपट्ट्यानं डोळे पुसले. तिला पाहून जुईली माझ्या कडेवरून बाहेर झेपावली, तशी मी तिला आतूनच फाटकावरून पंचफुलाच्या हातात दिली. जुईलीला दात येताहेत. माझ्या किल्ल्या तोंडात घालून ती चावत होती. पंचफुला तिला थोपटत कॅमेऱ्याखाली वळली.

हिरवा. "विश्वासू."

"बाप्पा," आरतीकाकूंनी हात जोडले. "लेकराची पुण्याई."

"बरोबर," अद्वैतनं लगेच उचललं. "मूल कुशीत आलं की मनातली लहर पालटते. यंत्राला ते कळतं."

माझं लक्ष मात्र जुईलीच्या तोंडाकडे होतं. किल्ल्यांना लावलेली निळी चकती ती चघळत होती. आदल्या दिवशी अद्वैतनंच ती कंपनीची भेट म्हणून घरोघर वाटली होती. मी किल्ल्या काढून घेतल्या. जुईलीनं भोकाड पसरलं. पंचफुलाला पुन्हा कॅमेऱ्याखाली जायला सांगितलं.

लेकरू कुशीतच होतं. दिवा लाल.

"वकीलसाहेब, तुमच्या किल्ल्या माझ्याकडे द्या नि बाहेरून चालत या," मी म्हटलं.

"माह्यं काय," म्हणत ते रुमाल बांधून ऐटीत आले.

"संभाव्य चोर. एक्क्याण्णव टक्के."

रांगेत कुणी तरी खोकल्याच्या आडून हसलं. मी त्यांच्या किल्ल्या पंचफुलाच्या हाती दिल्या. ती लगेच विश्वासू झाली.

"अद्वैत, कॅमेऱ्याला दुपट्ट्याआडचं दिसतं तरी का?"

"नाही," तो चाचरला. "चकती जवळ आली की दार उघडतं. नसली की लाल."

"आणि टक्के?"

"ते आकडे यंत्र आपल्या मनानं टाकतं. आकडा असला की लोकांना पटतं."

आम्ही स्वतः तोंडं झाकून उभे होतो, आणि यंत्र चेहरा वाचतं यावर आमचाच विश्वास बसला होता. कुणी अंगारा देऊन सांगितलं असतं, तर ह्याच लोकांनी त्याला हाकललं असतं. आकड्यात सांगितलं म्हणून हात जोडले. एखाद्या बाईची चार घरं बंद करण्याआधी कोणत्याही यंत्राला, आणि ते विकणाऱ्याला, एवढं तरी विचारावं: तुला नेमकं दिसलं काय? उत्तर मिळेपर्यंत दार लावू नये.

"मशीनची चुकी झाली, बाई," खुशालराव म्हणाले. "उद्या या."

पंचफुलानं रडणारी जुईली खांद्यावर घेतली.

"मशीननं नुसता लाल दिवा लावला, साहेब," ती म्हणाली. "येऊ नको म्हून तुमी म्हनलं."

खुशालरावांनी रुमाल सोडला आणि स्वतःच्या हातानं फाटक उघडलं.