यमाईचा दिवा आणि बुवाचा दुसरा पाय

पळसमाळच्या पारापाशी सकाळी नाथाजीचा जुना ट्रक उभा राहिला आणि दुपारपर्यंत त्याचं देऊळ झालं. काचांवर घोंगडी पडली, बॉनेटवर हळदकुंकू पडलं, पुढच्या चाकाला कुणीतरी हारही घातला. केबिनीतल्या अंधारात, मीटरांच्या वर, यमाईची तसबीर चिकटवलेली होती. स्टीअरिंगमागं बसलेल्या दिवेबुवांनी हाक मारली, की तिच्या तोंडावर तांबडा उजेड पडायचा. तोही दिव्याचं बटण बंद असताना!

"मीटरवासिनी, तेलतेजस्विनी, डिझेलदुर्गे, प्रगट व्हऽऽ!" बुवा ओरडायचे. उजेड पडला तर देवी 'होय' म्हणाली. नाही पडला तर 'नाही'. "नजर वर ठेवा! खाली बघंल त्याची दिष्टी जाईल!"

लोक माना वर करून थक्क. सुलाबाईची कोंबडी मुंगसानं नेली, हे देवीनं सांगितलं. आप्पासोचा गुडघा दिवाळीपर्यंत बरा होणार, हेही सांगितलं. आणि बुवांना पुरणपोळी वाढायची का, असं विचारल्यावर तर देवी अशी लखलखली की सांगायची सोय नाही.

मनुबाईचा जीव मात्र खालीवर होत होता. देवीनं तिची म्हैस मागितली होती. बहात्तरच्या दुष्काळात दावणीची सारी जनावरं गेली, एक चंद्री तेवढी तगली. घरात सून अंजना बाळंतीण. तिचं दूध तान्ह्याला पुरत नव्हतं, बोंडल्यानं चंद्रीचंच दूध त्याच्या पोटात जायचं. पण देवीला नाही कसं म्हणायचं? तुळशीला पाणी घातल्याशिवाय मनुबाई चहाचा घोटही घेत नसे. डोळे पुसत ती म्हैस घेऊन आली.

"दे दावं हिकडं," तसबिरीवर उजेड पाडत बुवा म्हणाले.

"देते की महाराज. आदी पाया पडते."

दावं सुलाबाईच्या हाती देऊन ती पायरीवर चढली. मनुबाईचा नेम असा, की साधूच्या तोंडाकडं बघायचं नाही, पायांकडं बघायचं आणि दोन्ही पायांवर डोकं टेकायचं. बुवांचा डावा पाय मांडी घातलेला सीटवर होता. उजवा भगव्या छाटीखाली गडप.

"महाराज, दुसरा पाय?"

"तो पाताळात हाय. शेषाच्या डोक्यावर टेकलाय."

"मग शेषाला म्हनावं, घटकाभर कळ काढ. अर्धा नमस्कार देवाला पोचत न्हाई." आणि तिनं खाली वाकून दोन्ही हातांनी पाय ओढला.

उजेड गेला.

बुवांनी हिसका दिला, पाय सुटून खाली आपटला. उजेड आला. मनुबाईनं पुन्हा ओढला. गेला.

"आगं मने," सुलाबाई किंचाळली, "देवी डोळं मिचकावतीया!"

मनुबाईनं एकदा पायाकडं, एकदा तसबिरीकडं पाहिलं. मग पाय घट्ट काखेत धरून तिनं मऊ आवाजात विचारलं, "आये यमाई, माजी चंद्री तुला पायजे का गं?"

केबिनीत अंधार.

"न्हाई म्हनतीया!" गर्दीत हशा फुटला.

एवढ्यात नाथाजीनं कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! ह्याला अर्थ न्हाई!"

"देवीला अर्थ न्हाई म्हनतोस?" आप्पासो खवळले.

"देवीला न्हवं आप्पा, मागच्या दिव्याला! अर्थ म्हंजी वायर, बॉडीला जोडत्यात ती. ती तुटली असनार. ह्यो ब्रेक दाबतोय, आन् करंटाला परतायला वाट न्हाई. मग त्यो उलटा फिरून मीटरच्या बल्बात शिरतोय! मीटरचं बल्ब लय दिस उडालेलं, तवर कुणाला दिसलं न्हाई. परवा इट्याच्या ग्यारेजात नवं बसवलं. पांढरं न्हवतं दुकानात, तांबडं घेतलं. आन् ह्यो बुवा तितनंच माज्या शेजारी बसून आलाय, ब्रेक दाबला की उजेड पडतोय हे वाटंतच हेरलं असनार!"

तो मागं गेला, तुटकी वायर चेसिसला आवळून आला. "मावशे, दाब आता."

मनुबाईनं हातानं ब्रेक दाबला. यमाईच्या तोंडावर काहीच नाही. ट्रकच्या मागून आरोळी आली, "देवी मागं गेलीऽऽ!" आणि दोघंतिघं नारळ घेऊन खरंच मागच्या लाल दिव्याकडं धावले.

या गडबडीत बुवा पलीकडच्या दारानं उतरले आणि दोन्ही पायांनी पळाले. चंद्री शांतपणे चाकाचा हार खात होती.

देवापुढं हात जरूर जोडावेत. पण उजेड दिसला तर त्याची तार कुठून आली, हे बघायला देव कधी ना म्हणत नाही. 'खाली बघू नका' म्हणतो तो बुवा. तो असं म्हणाला, की हटकून खाली बघावं.

आप्पासोंना मात्र अजून धाकधूक. "मने, म्हैस माघारी न्हेतीस, देवी कोपंल गं."

मनुबाईनं दावं हातात घेतलं. "कशापायी कोपंल, आप्पा? तिला म्हैस पायजे असती तर मलाच म्हनाली असती. रोज सकाळी बोलनं असतंच की आमचं."