विहारातून स्वयंपाकघरात

“पान सोडायचं नाही बाई. मधातून सुरू करायचं नाही. पहिल्या पानापासून लागायचं, शेवटच्या पानावर उठायचं.”

हे शब्द लिलाबाईंचे. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या नव्या सुनेला, स्नेहाला, माझ्यासमोर बसवलं आणि हळू आवाजात हे सांगितलं. तो आवाज माझ्या लाकडात अजून आहे.

मी एक जुनी ठवणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. ग्रंथ जमिनीवर ठेवू नये म्हणून तो ज्या लाकडी आधारावर उघडा ठेवून वाचतात, ती मी. माझा स्वभाव गरीब आहे. ज्या लाकडानं रोज त्रिशरण आणि पंचशील ऐकलं, त्याला आवाज चढवणं जमत नाही. पण आज मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. हळू बोलणाऱ्याला राग येत नाही, असं समजू नका.

मला किन्हीराजा गावच्या मारोतराव सुतारांनी घडवलं. सागाची एकच फळी. ती मधोमध कापून, दोन पाय एकमेकांत गुंतवून त्यांनी मला उभं केलं. लिलाबाई शेजारी पोत्यावर बसून होत्या.

“खिळा मारू नका भाऊ. खिळ्यानं पान फाटते.”

“खिळा नाही, तं हे कायच्या भरोशावर उभं राहीन?”

“तुमच्या हाताच्या.”

मारोतराव हसले आणि खिळे परत डब्यात टाकले. आजही माझ्या अंगात लोखंड नाही.

मग मी विहारात आले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. ते तीन महिने रोज संध्याकाळी सात वाजता ग्रंथवाचन. बायका पांढऱ्या साड्या नेसून ओळीनं बसत. लिलाबाई वाचत, आणि पान संपलं की सगळ्या जणी एका सुरात ‘साधू, साधू, साधू’ म्हणत. शेतातून दमून आलेल्या त्या बायका, पण पेंग कुणालाच येत नसे. सगळ्या माझं कौतुक करत. कुणी मला तेलाचं बोट लावी, कुणी पदरानं पुसून ठेवी. असे बावीस वर्षावास झाले.

लिलाबाईंचे डोळे बिघडले, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. त्यांना ओळीची सुरुवात सापडेना. आधी माझी कड चाचपायची, मग कागदाची कड, मग तिथून बोट सरकवायचं. समोरचं दिसे, बाजूचं दिसत नसे. त्यांचे यजमान इंद्रभान विहार समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, “वय झालं. वयानं होते.” गावात शिबिर आलं. तिथंही कुणीतरी घाईत टॉर्च मारून मोतीबिंदू पिकला नाही, थांबा, असं सांगितलं. स्नेहा गावाच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. शिबिरानं दिलेले थेंब ती दोन वर्षं सासूच्या डोळ्यांत नेमानं घालत राहिली. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे, गेली ती नजर आता येणार नाही, वेळेवर कळलं असतं तर ती टिकली असती.

तेव्हा स्नेहा रडली नाही. तिनं हातातली ती थेंबांची बाटली कितीतरी वेळ उलटीपालटी करून पाहिली आणि सासूला म्हणाली, “दोन वर्षं मी पाणीच घालत होतो, आत्याबाई. मले कोणी शिकवलंच नाही.”

त्याच आठवड्यात तिनं ठरवलं, डॉक्टर व्हायचं. तिचं वय तेव्हा चौतीस. बारावीला तिचं विज्ञान होतं आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला वयाची वरची अट नाही. म्हणजे कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती घराची.

इकडे माझेही दिवस फिरले. विहारात नवा पोडियम आला. काचेसारखं प्लास्टिक, खाली चाकं, आतून दिवा. पुढच्या बाजूला देणाऱ्याचं नाव इतकं मोठं, की मागे ठेवलेला ग्रंथ कुणाला दिसू नये. इंद्रभानांनी मला घरी आणलं आणि टिनाच्या खोलीत टाकलं. सोयाबीनची पोती आणि फवारणीचा पंप हे माझे शेजारी. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला. बावीस वर्षं मला पुसणाऱ्या बायकांपैकी एकीनंही विचारलं नाही की ठवणी कुठं गेली. मला सांगा, पोडियमला चाकं होती, तर मलाही काही जीव होता की नाही?

स्नेहानं मला शोधून काढलं. धुतलं, उन्हात वाळवलं आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं. माझ्यावर तिनं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं. पीठ मळताना हात रिकामे नसतात, पण डोळे असतात. भाकर थापता थापता ती वाचे आणि पिठाचं बोट लागू नये म्हणून पान कोपरानं उलटी.

ती पुस्तकं तिच्या दिराची, धम्मरत्नची. बारावी झाल्यावर त्याला दोन वर्षं लातूरला क्लासला ठेवलं होतं. निघाला तेव्हा घरात पेढे वाटले. परत आला तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. पुस्तकांची कितीतरी पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती स्नेहानं सुरीच्या टोकानं सोडवली. मी ते पाहिलं आहे. म्हणून मला राग येतो.

स्नेहाचे यजमान धम्मपाल पुण्याच्या कंपनीत. फोनवर ते म्हणाले, “तुले करायचं ते कर, पण बाबाले नाराज नको करू.” म्हणजे पोह, पण पाण्यात उतरू नको.

लिलाबाई रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसू लागल्या. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. स्नेहा मोठ्यानं वाचे, ग्रंथ वाचतात त्याच संथ सुरात. तिला वाचन म्हणजे तेवढंच माहीत होतं. “पेशीचे ऊर्जाघर म्हणजे तंतुकणिका...” पान संपलं की लिलाबाई हात जोडत, “साधू, साधू, साधू.”

धम्मरत्न दारात उभा राहून हसे. “आई, तंतुकणिकेले साधू म्हणतेत का?”

“काहून? तिच्यात ऊर्जा आहे न? तुह्यात आहे का?”

दुसऱ्या दिवशी लिलाबाईच आठवण देत, “काल मुळांच्या अलीकडं थांबलो होतो.”

पण मित्रांनो, इथंच चूक झाली, आणि ती आम्हा तिघींची होती. एकही पान सोडायचं नाही, मधूनच सुरू करायचं नाही, हा ग्रंथाचा नेम आम्ही त्या पुस्तकालाही लावला. शेवाळापासून सुरुवात केली आणि होळी आली तरी आम्ही झाडांतच. धम्मरत्न म्हणाला होता, “वहिनी, असं कोणी वाचते का? पेपरात जे जास्त येते ते आधी घ्या. जुने पेपर सोडवा.”

“मधातून कसं वाचू?” स्नेहानं अगदी खऱ्या मनानं विचारलं.

जुन्या पेपरांचा गठ्ठा ‘आधी पुस्तक पुरं होऊ दे’ म्हणून बांधलेलाच राहिला. मे महिन्यात परीक्षा झाली तेव्हा भौतिकशास्त्राची निम्मी प्रकरणं तिनं पाहिलीही नव्हती. वाशिमच्या केंद्रावर सगळी अठरा-एकोणीस वर्षांची लेकरं. दारातल्या माणसानं हिला अडवून सांगितलं, “पालकांनी बाहेर थांबायचं.” तिनं प्रवेशपत्र दाखवलं. तो कागदाकडे पाही, हिच्याकडे पाही.

निकाल लागला. सरकारी कॉलेजच्या यादीपासून ती तीस गुण मागं राहिली.

लिलाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. “माह्या नेमानं तुह्यं नुकसान झालं, पोरी. तो ग्रंथ माणसानं सुधरावं म्हणून वाचायचा, त्याले घाई नसते. ह्या परीक्षेले घड्याळ आहे. आता जिथी अडते तिथून वाच.”

आपला नेम चुकला असं पासष्टाव्या वर्षी सुनेपुढं कबूल करणं सोपं नसतं. त्या दिवशी धम्मरत्ननं गठ्ठ्याची दोरी सोडली आणि पहिला पेपर माझ्यावर ठेवला. रोज सात ते नऊ, घड्याळ लावून. सकाळी स्वयंपाक, दिवसभर उपकेंद्र, आल्यावर पुन्हा स्वयंपाक. तिच्या हक्काचे तेवढेच दोन तास. गुण वाढू लागले. मी पाहत होते, तिचं बोट आता अडखळत नव्हतं.

आणि मग आषाढी पौर्णिमा आली.

आदल्या दिवशी समितीची बैठक आमच्याच ओसरीवर भरली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. वाचन कोण करणार, हा प्रश्न निघाला.

इंद्रभान म्हणाले, “आमची सून करीन. शिकेल आहे.”

तिला कुणी विचारलं नव्हतं. स्नेहा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “मामाजी, यंदा मले नाही जमणार. सात ते नऊ हाच माहा अभ्यासाचा टाइम आहे.”

इंद्रभान लोकांकडे वळले. “ऐका! हिच्यापाशी तथागतासाठी टाइम नाही, आन बेडकाचं पोट पाह्याले आहे!”

हशा पिकला. एक बाई पदरात तोंड घालून म्हणाली, “अवं माय, ही डॉक्टरीण होईस्तोर आपण जित्त्या राहू का?”

मित्रांनो, माझा राग इथं आहे. आमच्या विहाराच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘शिका’ असं लिहिलेलं आहे. दर जयंतीला इंद्रभान त्याच भिंतीपुढं उभे राहून मुलींच्या शिक्षणावर भाषण करतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या शब्दाखाली, हे फक्त अठरा वर्षांपर्यंत, असं कुठं लिहिलं आहे? सुनांनी वाचू नये, असं कुठं लिहिलं आहे? माझ्यावर बावीस वर्षं तो ग्रंथ उघडा होता. त्यातलं पान न् पान माझ्या अंगावरून गेलं आहे. त्यात मला असं एकही वाक्य भेटलं नाही. जो शब्द भिंतीवर रंगवायचा, त्यालाच घरात हसायचं, ही कुठली श्रद्धा? मी लाकूड आहे, मला हे कळतं. माणसांना कळत नाही?

स्नेहानं चहाचा ट्रे खाली टेकवला. ती ‘बरं’ म्हणणार, असं मला वाटलं. ओठ हललेही. तिचे ते दोन तास माझ्यासमोर निघून चालले होते.

तेवढ्यात भिंतीला धरून लिलाबाई बाहेर गेल्या.

“वाचन मी करतो.”

मग इंद्रभान हसले. “तुले दिसते कुठी?”

“तुमाले तं दिसते. तुमी किती वाचलं?”

लिलाबाईंचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नाही.

“बावीस वर्षं वाचलं. शब्दाला शब्द नाही येणार, पण काय लिहिलं आहे ते मले ठावं आहे. जेवढं ठावं आहे तेवढं सांगीन. तीन महिने, रोज, एक दिवस खंड पडणार नाही. हा माहा शब्द. आन पोरीच्या दोन घंट्याले कोणी हात नाही लावायचा.”

बैठक लवकर उठली. चहा तसाच निवला.

जुन्या ठवणीला जपा, तिला तेल लावा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. लाकडाचं काय, ते आज आहे, उद्या चुलीत जाईल. तुमच्या घरात आई, वहिनी, मावशी, कुणीही पुस्तक उघडून बसली, तर तिची वेळ जपा. तिला पाणी मागू नका, उठून आपलं आपण घ्या. तिचं वय मोजू नका. आणि कुणी हसलं, तर तुम्ही तरी हसू नका. एवढं करा, मग माझा राग शांत होईल.

आज आषाढी पौर्णिमा. सातला दहा मिनिटं कमी होती तेव्हा लिलाबाई पांढरी साडी नेसून स्वयंपाकघरात आल्या. स्नेहानं माझ्यावरचा पेपर उचलला आणि मला पुसून त्यांच्या हातात द्यायला लागली. खरं सांगते, माझा जीव विहाराकडे धावला.

लिलाबाईंनी मला परत ओट्यावर ठेवलं. “तिथी पान कोण पाह्यते? इथी लागते ती.”

“मी पोचवून देतो, आत्याबाई. गल्लीत चिखल आहे.”

“बस तू. टाइम लाव.”

स्नेहा बसली. ओसरीवर इंद्रभान टीव्हीसमोर होते. त्यांनी मान वळवली नाही आणि लिलाबाईंनीही त्यांना हाक मारली नाही. त्यांनी काठीनं पायरी चाचपली, एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि घरांच्या भिंतींना हात लावत त्या एकट्याच विहाराच्या दिशेनं चालू लागल्या.